तीन पायांचा आडोसा

संक्रांतीच्या सकाळी हेमलताबाई केकरे नर्मदेत तीन बुड्या मारून पायऱ्यांवर आल्या, आणि त्यांच्या मुलीने, अवंतीने, दोन्ही हात ताणून त्यांच्याभोवती जुनी साडी धरली. घाटावर सगळ्या बायका असंच करतात. एक जण आडोसा धरते, दुसरी त्यामागे घाईघाईने कपडे बदलते. हा घाट लहान, ग्वारीघाटापासून थोडा पुढे, म्हणून सगळे त्याला नुसतं छोटा घाट म्हणतात. पण त्या दिवशी गर्दी लहान नव्हती.

हेमलताबाई ब्लाउजच्या दुसऱ्या हुकापर्यंत आल्या होत्या, तेवढ्यात नदीवरून वारा आला. साडीचं एक टोक अवंतीच्या हातून सुटलं आणि फडफडत वर गेलं. नेमकी त्याच वेळी माणसांनी भरलेली एक नाव समोरून चालली होती. नावेतला एक तरुण आनंदाने उभा राहिला आणि हात जोडून ओरडला, "नमस्ते मैडम! मैं आशुतोष, दसवीं बी!"

हेमलताबाईंनी चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नमस्ते बेटा." मग त्या एकदम खाली बसल्या, अवंतीच्या पायांमागे.

ऑटोने दोघी घरी आल्या. गोरखपूर मोहल्ल्यातल्या घराचं कुलूप उघडताना एवढंच म्हणाल्या, "मी आता घाटावर यायची नाही." रागाने म्हणाल्या असत्या तर अवंतीला बरं वाटलं असतं. पण त्यांनी ते अगदी शांतपणे सांगितलं, जसं कुणी सांगावं की आता मला जिना चढवत नाही.

अवंती डिझायनर होती. शिकून सहा वर्षं झाली होती, आणि वरच्या खोलीत बसून बंगलोरच्या एका कंपनीचं काम करायची. मागचे चार महिने ती एका ॲपमधल्या 'पुन्हा प्रयत्न करा' या बटणावर काम करत होती. ते जरा गोल असावं की जास्त गोल, यावर सात मीटिंगा झाल्या होत्या. त्या दुपारी तिने लॅपटॉप उघडला, बटणाकडे पाहिलं आणि परत मिटला. हजारो अनोळखी लोकांचं बोट कुठे पडेल याची काळजी तिने वाहिली होती, आणि स्वतःच्या आईला कपडे बदलायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती बंटीकडे गेली.

बंटीचं खरं नाव शालिग्राम, पण ते फक्त आधार कार्डावर होतं. वडील कारखान्यात फिटर. मुलानेही तिथेच लागावं अशी त्यांची फार इच्छा. मुलाने मांडव-खुर्च्या भाड्याने द्यायचं 'बंटी टेंट हाऊस' काढलं. तो आणि अवंती एकाच गल्लीत वाढले, आणि दोघंही हेमलताबाईंच्या गणिताला घाबरून वाढले.

"मला कनात पाहिजे," अवंती म्हणाली.

"अरे वा! लग्न जमलं?"

"नाही रे. घाटावर बायकांना कपडे बदलायला." आणि तिने आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं.

बंटी खुर्च्या मोजत होता, तो थांबला. "मॅडमसोबत असं झालं?" तो समोरच्या खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "माझी आई दोन वर्षांपासून घाटावर जात नाही. गुडघे दुखतात म्हणते. बाजारात तर रोज जाते. ती काहून जात नाही, ते मला आत्ता समजून राहिलं."

"मग करू या?"

"धंदा होईल यात?"

"माहीत नाही."

"चलो," बंटी म्हणाला. "लग्नाच्या सीझनमध्ये तसंही मी वेडाच असतो."

पहिला नमुना अवंतीने मोठ्या हौसेने काढला होता. स्प्रिंगच्या पट्टीचं वेटोळं, पिशवीतून काढलं की आपोआप उघडणारं. बंटीच्या गोदामात तिने पिशवीची चेन ओढली. ते उघडलं नाही, उडालं. आधी छताच्या पंख्याला लागलं, मग खुर्च्यांच्या मनोऱ्यावर आदळलं, मनोरा कोसळला, आणि त्या सगळ्या आवाजातून बंटीची हाक आली, "अवंती, मी आत आहे!" त्याला बाहेर काढायला पंधरा मिनिटं लागली, कारण दर वेळी ती पट्टी धरली की दोघांनाही हसू यायचं आणि हात ढिला व्हायचा.

मग त्यांनी साधं करायचं ठरवलं. चार बांबू आणि भोवती लग्नाच्या मांडवाचं गुलाबी साटीन. दोघं ते घेऊन छोट्या घाटावर गेले आणि कोवळ्या उन्हात उभं केलं. अवंती स्वेटर घालूनच आत गेली, आणि हात वर करून, वाकून, कपडे बदलल्याचा अभिनय करून पाहिला.

"दीदी!" बाहेरून एक खणखणीत आवाज आला. "पूरा सिनेमा दिख रहा है!"

ऊन मागून येत होतं. गुलाबी पडद्यावर अवंतीची सावली स्वच्छ उमटली होती, अगदी कोपरासकट. बंटी केव्हाच पाठ फिरवून उभा होता आणि जोरजोरात सांगत होता, "मी काही बघून नाही राहिलो! मी तर पुलाकडे बघून राहिलो!"

आवाज भानुमतीचा होता. ती घाटावर दिवे, फुलं, नारळ आणि नर्मदेचं पाणी घरी न्यायच्या प्लास्टिकच्या कॅन विकायची. पंचेचाळिशीची, कमरेला पदर खोचलेली, आणि घाटावर काय चालतं नि काय चालत नाही ते वीस वर्षं बघत आलेली. तिने कनातीभोवती एक चक्कर मारली, आत डोकावली आणि अवंतीला विचारलं, "आपने इसमें कपड़े बदले हैं?"

"आत्ता करून पाहिलं ना."

"सूखे में नहीं. पहले नहाओ."

अवंतीला वाटलं गंमत आहे. ती गंमत नव्हती. भानुमतीने तिचा हात धरला, पायऱ्या उतरवल्या, आणि जानेवारीतल्या त्या पाण्यात खांद्याला धरून तिला दाबलं. अवंती किंचाळली. वर आली तेव्हा दात वाजत होते. भानुमतीने आपल्याकडची एक कोरडी साडी तिच्या हातात दिली आणि तिला गुलाबी कनातीत ढकललं.

आत गेल्यावर दोन मिनिटांत अवंतीला कळलं की तिने काहीच डिझाइन केलेलं नाही. कोरडी साडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती दातांत धरावी लागली. ओला कुर्ता कुठे टाकावा कळेना. खाली चिखल. एक पाय वर केला की दुसरा घसरत होता, आणि आधाराला बांबू धरला तर पायरी उंचसखल असल्याने तो डुगडुगत होता. साडी कशीबशी गुंडाळून झाली, शेवटची निरी खोचताना तोल गेला, अवंतीने बांबूला मिठी मारली, आणि चारी बांबू, साटीन आणि ती, सगळं मिळून एक गुलाबी गाठोडं तीन पायऱ्या घरंगळत पाण्यात गेलं.

बंटीने डोळे घट्ट मिटून धावत येऊन दोरी पकडली आणि चुकीच्या दिशेने ओढली. घाटावरच्या बायका पोट धरून हसत होत्या. आणि साटीनमधून डोकं बाहेर काढून, नाकातोंडात पाणी गेलेली अवंतीसुद्धा हसत होती, थांबताच येईना.

"हाँ," भानुमती समाधानाने म्हणाली. "अब बनेगा."

"तुम्ही मदत कराल आम्हाला?" अवंतीने तिथेच, पाण्यातूनच विचारलं.

"मदद नहीं. हिस्सेदारी." भानुमतीने हात पुढे केला. तो धरून अवंती वर आली, आणि तिघांचा धंदा सुरू झाला.

त्यानंतरचे दिवस अवंतीला पुढे कधी नीट क्रमाने आठवले नाहीत. सकाळी घाट, दुपारी बटण, संध्याकाळी गोदाम. भानुमती बायकांना पकडून आणायची: सुनांना, पोटुशींना, काठी घेऊन येणाऱ्या आज्यांना. प्रत्येक जण काही ना काही सांगायची आणि अवंती लिहून घ्यायची. आत गडद निळं कापड लावून सावली गेली. पायाखाली लाकडी पट्ट्यांचा पाट आला. एक खुंटी कोरड्यासाठी, एक ओल्यासाठी, आणि त्या दोन्ही एका बाजूला नकोत, हे सांगणारी आजी तर इतकी ठाम होती की अवंतीने तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून भिंतीला लावलं.

फक्त पाय जमत नव्हते. पायऱ्या कुठे खचलेल्या, कुठे उंच. अवंतीने चारी पायांना स्क्रू लावले, मग स्प्रिंग, मग रबर. एका संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली होती. हेमलताबाई चहा घेऊन आल्या. या विषयावर त्या तीन आठवड्यांत एक शब्द बोलल्या नव्हत्या. कप ठेवता ठेवता त्यांची नजर कागदावर पडली, आणि तिथेच राहिली.

"चार काहून?"

"काय?"

"पाय चार काहून दिले? जागा वरखाली आहे ना?" त्यांनी अवंतीच्या हातून पेन्सिल घेतली. "तीन बिंदू दिले की प्रतल ठरतं. चौथा आला की तो भांडतो. तिपाई कधी डुगडुगताना बघितली का तू?" त्यांनी तिच्या सुंदर चौकोनावर सरळ काट मारली आणि शेजारी एक त्रिकोण काढला. "सातवीत शिकवलं होतं मी तुला हे." आणि चष्मा सारखा करून त्या निघून गेल्या.

अवंतीने बंटीला फोन लावला. "त्रिकोण!"

"काय?"

"तीन पाय! आईने सांगितलं!"

"मॅडमनी?" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बंटी बहुतेक उभा राहिला होता. "मग बरोबरच असेल."

तिपाई उभी राहिली ती हललीच नाही. बंटीने लटकून पाहिलं, मग त्याचा सगळ्यात जाडा कारागीर लटकला. राहिला प्रश्न वाऱ्याचा, तो भानुमतीने एका क्षणात सोडवला. तिच्या दुकानातल्या पाच-पाच लिटरच्या कॅन नर्मदेच्या पाण्याने भरून प्रत्येक पायाला बांधल्या. नदीनेच नदीचा वारा धरला.

भांडण झालं ते झालरीवरून. अवंतीला बाहेरून साधं, पांढरं, शांत काहीतरी हवं होतं. बंटीने मात्र गुलाबी साटीन आणि वर सोनेरी झालर लावून आणली. अवंती म्हणाली, हे लग्नाच्या केकसारखं दिसतं. बंटी म्हणाला, मग काय दवाखान्यासारखं दिसावं? दोघं तावातावाने बोलत असताना भानुमती झालरीवरून हात फिरवत होती.

"दीदी," ती म्हणाली, "औरत यहाँ हमेशा छुपकर बदलती है, जैसे चोरी कर रही हो. एक दिन ठाठ से अंदर जाने दो."

 अवंतीने झालरीकडे पाहिलं. ती अजूनही केकसारखीच दिसत होती. "राहू दे," ती म्हणाली. "उलट, खाली पण लाव."

धंदा कसा चालवायचा हेही भानुमतीनेच ठरवलं. घाटावर दिवे विकणाऱ्या बायका तिच्यासकट आठ. प्रत्येकीच्या दुकानाशेजारी एक आडोसा. जिच्याकडून दिवा घ्यायचा, तिच्या आडोशात कपडे बदलायचे, वेगळं काही मागायचं नाही. आडोसा तिचा, तो पुसायची जबाबदारी तिची, वाढलेल्या विक्रीतला वाटा सगळ्यांचा. बंटीने डोकं खाजवलं, विचार केला आणि म्हणाला, "हे तर मला सुचायला पाहिजे होतं."

नर्मदा जयंतीच्या सकाळी आठ गुलाबी तिपाया घाटावर ओळीने उभ्या राहिल्या. उन्हात झालरी चमकत होत्या. गावोगावचे लोक येत होते, ढोल वाजत होते, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. आणि अर्धा तास झाला तरी एकही बाई आत गेली नाही.

लोक थांबायचे, बघायचे, पुढे जायचे. कुणाला वाटलं कुणी मोठा पाहुणा येणार आहे. एका कुटुंबाने बंटीला विचारलं, "दूल्हा कहाँ है?" दोन मुली झालरीजवळ फोटो काढून गेल्या. बायका नेहमीसारख्या एकमेकींना साड्या धरून उभ्या होत्या, तीन हातांवर आडोसा रिकामा असताना. भानुमती ओरडून ओरडून सांगत होती, पण ढोलापुढे कुणाला ऐकू येणार? बंटीच्या कपाळावर घाम आला. अवंतीने एका रिकाम्या आडोशाचा पडदा उघडला, परत सारखा केला. आपण परत एक बटण बनवलं, तिला वाटलं, जे कुणी दाबणार नाही.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर एक ऑटो थांबली आणि हेमलताबाई उतरल्या. हातात कापडी पिशवी. त्या कुणाकडे न बघता पायऱ्या उतरल्या, पाण्यात गेल्या, तीन बुड्या मारल्या. मग निथळत्या साडीत, सगळ्या घाटासमोरून, ताठ मानेने चालत त्या तिसऱ्या आडोशात शिरल्या आणि पडदा ओढला.

अवंतीने श्वास रोखला. बंटीनेही रोखला, आणि मध्येच त्याला ठसका लागला.

पडदा उघडला. हेमलताबाई बाहेर आल्या त्या कोरड्या, इस्त्रीच्या निळ्या साडीत, निऱ्या सारख्या, केस बांधलेले. त्यांनी एकदा घाटाकडे नजर फिरवली. मग चौतीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज लावला: "बहनो! कपड़े यहाँ बदलिए! लाइन से! धक्का नहीं!"

ढोलवाला थांबला. त्यालाही वाटलं आपल्यालाच सांगितलं.

आणि मग बायका आल्या. आधी दोघी, मग एका घरच्या सहा जणी, मग एवढ्या की ओळी वरच्या रस्त्याला भिडल्या. आत गेलेली बाहेर येताना हसतच यायची, आणि पुढचीला सांगायची, खुंटी डावीकडे आहे, पाटावर उभी राहा. दहाच्या सुमारास वारा सुटला, चांगला जोरात. झालरी फडफडल्या, पडदे फुगले, घाटावरच्या चार छत्र्या उडून गेल्या. आठही तिपाया जागच्या जागी. बंटी नाचायला लागला. ढोलवाल्याने त्याला साथ दिली. भानुमतीचे दिवे संपले, तिने शेजारणीकडून घेतले, तेही संपले. अवंती ओळींमधून नुसतीच इकडून तिकडे धावत होती. कशासाठी ते तिला माहीत नव्हतं, पण थांबवत नव्हतं.

साडेअकराला पाचवी ओळ अडली. आत गेलेली बाई बाहेर येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागच्या कुरकुरायला लागल्या. हेमलताबाई पडद्याजवळ गेल्या.

"माताजी, सब ठीक है?"

"ठीक हूँ बेटा," आतून म्हातारा, निवांत आवाज आला. "कपड़े बदल लिए. पाटे पर बैठी हूँ."

"तबियत?"

"अच्छी है. शहपुरा से आई हूँ, ट्रैक्टर की ट्रॉली में. घर में सत्रह जने हैं." आवाज थोडा थांबला. "अकेली कब बैठी थी, याद नहीं. दो मिनट और."

ओळीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग कुणीतरी फिसकन हसलं, पण चिडून नाही. पुढच्याच नंबरची बाई, जिच्या साडीतून अजून पाणी गळत होतं, ती म्हणाली, "बैठने दो अम्मा को," आणि आपली पिशवी उचलून सहाव्या ओळीत गेली. तिच्यामागून सगळी ओळ सरकली. हेमलताबाई पडद्याबाहेर पहाऱ्यावर उभ्या राहिल्या.

"अवंती!" बंटी धापा टाकत आला. "लाइन जाम होऊन राहिली! बाकीच्या पण आत बसून राहिल्या!"

अवंतीने त्याच्या खिशातलं बुकिंगचं पुस्तक काढून घेतलं, कोऱ्या पानावर एक त्रिकोण काढला आणि त्याच्या आत एक बाक. भानुमती तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "खिड़की मत देना," ती म्हणाली. "कोई झाँकेगा, काम बताएगा." हेमलताबाई पहाऱ्यावरून न हलता म्हणाल्या, "आरसा दे. पण लहान."

पुढे जे व्हायचं ते भराभर झालं. होळीपर्यंत आणखी दोन घाटांवरच्या दिवेवाल्या बायका भानुमतीकडे येऊन हिस्सेदारी मागून गेल्या. बंटीने गोदामाच्या अर्ध्या भागातल्या खुर्च्या विकून शिलाईची मशीन बसवली. अवंतीने कंपनीला राजीनाम्याचं पत्र पाठवलं. वरिष्ठांनी कारण विचारलं, तर तिने गुलाबी तिपायांचा फोटो पाठवला. उत्तर आलं की हे नेमकं काय आहे? तिने ते आईला वाचून दाखवलं आणि दोघी स्वयंपाकघरात हसत बसल्या.

बाकाचा आडोसा चैत्रात तयार झाला. आत एक माणूस पाय पसरून बसेल एवढी जागा, पाठीला टेका, हातभर आरसा. घाटावर आणून उभा केल्यावर आधी कोण बसणार यावर वाद झाला, आणि तिघांनी मिळून भानुमतीला आत ढकललं.

"दुकान कौन देखेगा?" ती ओरडली.

"मी बघतो!" बंटी म्हणाला आणि पडदा ओढला.

पाच मिनिटं आतून काहीच आवाज आला नाही. मग कुणीतरी गुणगुणायला लागलं. आधी हळू, मग मोकळ्या गळ्याने, चांगलंच बेसूर. वीस वर्षांत भानुमतीला गाताना घाटावर कुणी ऐकलं नव्हतं. शेजारच्या दुकानांतल्या बायका माना वर करून बघायला लागल्या. अवंती पायरीवर बसून ऐकत होती, हेमलताबाई तिच्या शेजारी होत्या. आणि बंटीच्या समोर नऊ गिऱ्हाइकं उभी होती. एकाला फुलांऐवजी नारळ गेला होता, एक आजी दोन दिव्यांसाठी भांडत होती, आणि तो हातातल्या काडेपेटीच्या काड्या एकामागून एक विझवत ओरडत होता, "भानुमती दीदी, आराम से गाओ! इकडे सगळं ठीक आहे!"